नऊ दिवसांचे आकडे

१

वही टेबलावर नव्हती.

टेबल होतं. त्यावरचं हिरवं कापड होतं, वही ठेवायचा तिरका लाकडी ठोकळा होता, आणि ‘हात लावू नये’ ही पाटीसुद्धा शहाण्या मुलासारखी आपल्या जागी उभी होती. जिला हात लावायचा नव्हता, ती सातव्या क्रमांकाची वही तेवढी गेली होती.

विज्ञानाच्या मॅडम दारातच थबकल्या. एका पायात चप्पल, दुसरी हातात, आणि मागून सगळा वर्ग आत घुसायला बघत होता. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात पहिला विचार वहीचा आलाच नाही. मुलं किती, हा आला. सहल म्हटली की त्यांची काळजी आठवडाभर आधी सुरू होई. सकाळी बसमध्ये बसल्यापासून त्यांनी अठ्ठावीस मुलं एकवीस वेळा मोजली होती, आणि त्यातल्या तीन वेळा ती एकोणतीस भरली होती.

“कोणीही आत यायचं नाही,” त्या म्हणाल्या.

हे घर एका शास्त्रज्ञ बाईंचं. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. अंगणात झडपांची एक पांढरी पेटी ठेवून, त्यातले दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला, त्या रोज सकाळी साडेआठला आणि दुपारी अडीचला वाचत. त्या आकड्यांवरून त्यांनी पावसाआधी हवा कशी पालटते याचे नियम मांडले, आणि आधी हसलेल्या जगाने मग मान तुकवली. ‘एकतीस वर्षे, एकही दिवस न चुकता, स्वतःच्या डोळ्यांनी’ असं दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं होतं. त्या गेल्या, घराचं संग्रहालय झालं, पण अडीचचं वाचन काही थांबलं नाही.

आजही अडीचला घंटा झाली. वही ठेवलेल्या वाचनालयाची लाकडी जमीन जपायची म्हणून चपला-बूट बाहेर काढायचा नियम, त्यामुळे व्हरांड्यात बुटांची एकच झुंबड उडाली. मुलं कशीबशी अंगणात पोचली, वाचन झालं, सगळे परतले. वीस मिनिटांचा खेळ. तेवढ्यात वही गेली.

संचालक धावत आले. गडी नवा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, कपाळावर घाम. “फाटक बंद करा. दप्तरं तपासा,” ते म्हणाले. “चार वाजता समिती येतेय, आणि आजच हे व्हायचं होतं.”

दप्तरं उपसली गेली. डबे निघाले, सात कंगवे निघाले, एका चिरंजीवांच्या कंपासपेटीत जिवंत गोगलगाय निघाली. ताटाएवढी वही काही निघाली नाही.

“अंगणात कोण नव्हतं?” संचालकांनी विचारलं.

मॅडमना आपली मोजणी आठवली. अंगणात त्यांनी तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा सत्तावीसच भरले होते. आपलंच चुकलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आता त्या काही बोलायच्या आत वर्गाची मॉनिटर, जिला गप्प राहण्याचं वावडंच होतं, हात वर करून म्हणाली, “सर, शंका नव्हती.”

२

शंका हे त्या मुलीचं खरं नाव अर्थातच नव्हतं. पण शिक्षक शिकवून थांबले रे थांबले की तिचा हात वर जायचा, “सर, एक शंका.” वर्गाने बारसं करून टाकलं, आणि आता हजेरी सोडली तर सगळे तिला तेच म्हणत.

आजची सहल एका अर्थी तिच्यामुळेच होती. संग्रहालयाने डॉक्टरबाईंच्या वह्यांच्या झेरॉक्स शाळांना पाठवल्या होत्या. त्यावर सगळ्यात चांगला प्रकल्प करेल त्याला वेधशाळेच्या शाळेत प्रवेश, राहण्याजेवणासकट. एकच जागा होती. शंकाचा प्रकल्प शेवटपर्यंत पोचला होता, आणि आज चार वाजता तिने तो समितीसमोर वाचायचा होता. तिचे वडील ट्रक चालवत, आई दुसऱ्यांची मुलं सांभाळी. दहावीनंतर हिचं पुढे काय, या प्रश्नाला घरात कोणाकडे उत्तर नव्हतं. मॅडमनी मात्र हे उत्तर हेरून ठेवलं होतं. तिला रोज शाळा सुटल्यावर बसवून घेतलं होतं, अर्जावर स्वतः सही केली होती.

आणि सकाळी, घर बघता बघता, ही मुलगी सगळ्यांसमोर बोलून गेली होती, “सर, सातव्या वहीत नऊ दिवस असे आहेत की सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. बाकी एकतीस वर्षांत डॉक्टरबाई दशांशाचा प्रत्येक आकडा लिहितात. झेरॉक्समध्ये पानाची कड कापली गेलीय. मला मूळ वही बघायची आहे.”

संचालकांचा चेहरा तेव्हाच उतरला होता. गाइड ताई, जी एरवी पोपटासारखी बोले, ती अडखळली होती. आणि पाराकाका, म्हणजे तीस वर्षं अंगणातलं वाचन करणारे निरीक्षक, खिडकीतून बाहेर बघायला लागले होते. नाही म्हणणार कसं, म्हणून दुपारी सातवी वही कपाटातून काढून टेबलावर मांडली. मुलांनी दुरून बघितली, तोच घंटा झाली.

“कुठे होतीस?” संचालकांनी विचारलं.

“वर.”

“वर दोरी बांधलेली आहे. वर जायला बंदी आहे.”

“दोरीखालून गेले.”

“कशाला?”

जी मुलगी रसायनशास्त्राच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेलाच उलटे प्रश्न विचारून आली होती, ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. मॅडमना भरून आलं आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवावंसंही वाटलं.

“मॅडम,” संचालक हळू आवाजात म्हणाले, “चारपर्यंत वही मिळाली तर मी काही बोलणार नाही. नाही मिळाली तर समितीला सांगावंच लागेल. तिचं नाव जाईल. पोलिसांनाही कळवावं लागेल.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

३

“तू आधी पाणी पी,” मागून आवाज आला. “आणि दुसरी चप्पल घाल.”

या मॅडमच्या सासूबाई. दुसऱ्या शिक्षिकेला ऐनवेळी कांजिण्या निघाल्या, आणि सहलीत दोन बायका हव्यातच असा शाळेचा नियम, म्हणून सासूबाई पिशवी उचलून बसमध्ये येऊन बसल्या होत्या. उभा जन्म इस्पितळात वॉर्डाच्या सिस्टर म्हणून गेलेला. निवृत्त झाल्या तरी घरात कोणी शिंकलं की आधी नाडी धरत. मॅडमना त्यांचा धाक होता आणि आधारही होता, आणि कधी कुठलं, हे त्यांना लग्नानंतर नऊ वर्षांनीही ओळखता येत नसे.

“आई, ती असं करणार नाही हो.”

“ते मलाही दिसतंय. पण आपल्याला दिसून उपयोग काय? दुसऱ्यांना दाखवता आलं पाहिजे.” सासूबाईंनी चष्मा पुसला. “खिडक्यांना गज आहेत. फाटकावर पहारेकरी आहे, तो म्हणतो कोणी बाहेर गेलं नाही. म्हणजे वही घरातच आहे. ताटाएवढी वही पोरीच्या गणवेशात काय लपणार? चल, चौकशी करू. तू फक्त रडू नकोस.”

पहिली पाळी गाइड ताईची. ती व्हरांड्यात बोटं मोडत बसली होती. “घंटा मीच दिली,” ती म्हणाली. “बरोबर अडीचला. मग त्या छोट्याच्या बुटाची गाठ सुटत नव्हती, ती सोडवत बसले. विचारा त्याला.” मग तिचा बांध फुटला. “माझ्यावर येणार बघा हे. आधीच साहेब म्हणतायत, गाइड कशाला, लोकांच्या कानाला यंत्र लावू. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते ना.”

गोगलगाईच्या मालकाने साक्ष दिली की ताई त्याच्याच बुटाशी झटत होती, आणि बाहेर पडणारे ते दोघं शेवटचे.

संचालकांना विचारायचं मॅडमच्या जिवावर आलं होतं, पण सासूबाईंनी डॉक्टरसुद्धा झापलेले, संचालक म्हणजे किस झाड की पत्ती. “घंटा झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“कचेरीत. फोनवर. समितीच्या अध्यक्षबाईंशी बोलत होतो.” ते चिडले. “मी कशाला चोरू माझीच वही?”

“त्या नऊ दिवसांमुळे. आकडे बनावट निघाले तर संग्रहालयाची अब्रू जायची.”

संचालकांनी घाम पुसला. त्यांच्या मनात तसं येऊन गेलं होतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण कचेरीची खिडकी अंगणातच उघडते, आणि संचालक फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते हे अर्ध्या वर्गाने बघितलं होतं. एकाने तर त्यांची नक्कलही करून दाखवली.

राहिले पाराकाका. ते आपल्या खोलीच्या दारात उभे होते. साठी ओलांडलेला, शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस.

“मी कुठे असणार?” ते म्हणाले. “अडीचला मी पेटीपाशीच असतो. तीस वर्षं झाली.”

सूर्य कुठे होता असं विचारण्यातलाच तो प्रकार.

“म्हणजे उरली शंकाच,” मॅडम कुजबुजल्या.

४

शंकाला जिन्याखालच्या बाकावर बसवलं होतं. प्रकल्पाची फाइल तिने छातीशी धरली होती. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या आणि सवयीने मनगट हातात घेतलं.

“एकशे दहा,” त्या म्हणाल्या. “चोराची नाडी इतकी पळत नाही, भित्र्याची पळते. वर कशाला गेली होतीस ते मला नको सांगूस. एवढंच सांग, वरून काय दिसलं?”

शंकाने पहिल्यांदा मान वर केली. “डॉक्टरबाईंच्या खोलीची खिडकी अंगणावर आहे. पेटी दिसली. मुलं येताना दिसली.”

“आणि पाराकाका?”

“ते नव्हते. मुलं जाऊन उभी राहिली तरी नव्हते. मग मागच्या दाराने आले, घाईघाईने.”

मॅडम तर पेटीपासून दहा पावलांवर होत्या. पण त्या वेळी त्या सत्तावीस का भरतायत या काळजीत होत्या, आणि मान वर केली तेव्हा काका पेटीचं दार उघडून उभे होते.

“आई, चला, संचालकांना सांगू.”

“काय सांगणार? जिच्यावर आळ आहे ती मुलगी म्हणते, तीस वर्षं इमानाने राबलेला माणूस जागेवर नव्हता. ते म्हणतील, ही तर म्हणणारच.” सासूबाई उठल्या. “दुसरा साक्षीदार हवा. एक आहे बहुतेक.”

त्या परत पाराकाकांच्या खोलीपाशी गेल्या आणि आवाजात साखर घालून म्हणाल्या, “काका, आजची नोंद बघायला मिळेल का? मी वॉर्डात तापाचे तक्ते भरण्यात जन्म घालवला. अशी व्यवस्थित वही बघितली की बरं वाटतं.”

काका वळले. मग दार अर्धवट लोटून आत गेले आणि रोजनिशी घेऊन आले. सासूबाईंनी पानावर बोट ठेवून रांग वाचली, वरच्या रांगा वाचल्या, मागची दोन पानं उलटली. “छान अक्षर आहे,” म्हणाल्या आणि वही परत दिली.

वळणावर आल्यावर त्यांनी सुनेचा दंड धरला. “बघितलंस?”

“काय?”

“वेळेचा रकाना. मागे सगळीकडे दोन तीस, दोन तीस, दोन तीस. आज दोन सदतीस.”

५

“पण आई, स्वतःच्या हाताने कोण लिहील असं?” मॅडमना पटेना. “दोन तीस लिहिलं असतं तर कोणाला कळलं असतं?”

“कोणालाच नाही. तरी लिहिलं.” सासूबाई जिन्याच्या कठड्याला टेकल्या. “आमच्या वॉर्डात एक सिस्टर होती. घरी नवऱ्याशी खोटं, आमच्याशी खोटं, सुट्टीसाठी तिने एकच मामा चारदा मारला. पण तक्त्यावर डोळ्यांनी न बघितलेला आकडा तिने कधी लिहिला नाही. हात वळायचाच नाही तिचा. या माणसाचंही तसंच आहे. तोंडाने तो मला म्हणाला, अडीचला मी पेटीपाशी होतो. वहीला मात्र खोटं सांगू शकला नाही.”

“सात मिनिटं.”

“मुलं बूट घालत होती तेवढी. वाचनालयाला मागचं दार आहे, ते त्यांच्या खोलीकडे उघडतं. आणि अजून एक. सकाळी त्यांनी मुलांना काय सांगितलं?”

मॅडमना आठवलं. पाराकाकांनी रोजनिशी पिवळ्या मेणकापडातून सोडवून दाखवली होती. कापड खुद्द डॉक्टरबाईंच्या वेळचं आहे, वही उघडी कधी फिरवायची नाही, असं बजावलं होतं.

“आत्ता उघडी आणली,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “मग मेणकापड कुठे आहे?”

“दुसऱ्या वहीला गुंडाळलेलं. दोन्ही वह्या एकाच कापडात घालून तो माणूस आपल्या सगळ्यांसमोर अंगणात उभा होता. काखेतलं पुडकं रोजचंच, मग कोण बघतंय जाड झालंय का ते.”

तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. सासूबाईंनी पाराकाकांचं दार वाजवलं नाही, सरळ ढकललं. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीला लागून कोऱ्या वह्यांचा गठ्ठा. गठ्ठ्यावर पिवळं पुडकं होतं. काका खुर्चीत बसले होते, आणि त्यांना बघून उठलेही नाहीत.

“काका, एक लहान मुलगी जिन्याखाली बसलीय,” सासूबाई म्हणाल्या. आता आवाजात साखर नव्हती.

“समिती गेली की जागेवर ठेवणार होतो,” काका म्हणाले. “तिच्यावर येईल असं डोक्यात नव्हतं.”

“आणि आल्यावर?”

“आल्यावर तोंड उघडेना.”

“वा. तीस वर्षं पारा वाचलात, आणि एका पोरीचा चेहरा वाचता आला नाही.”

काकांनी मान खाली घातली. मॅडमना त्यांचा राग आला, इतका की त्यांची त्यांनाच भीती वाटली. पण सासूबाईंनी पुडकं सोडून वही उघडली होती, आणि त्या नऊ दिवसांवर येऊन थांबल्या होत्या. एकच शाई, एकाच बाजूला झुकलेले आकडे, कुठे घाई नाही, कुठे डाग नाही.

“हे रोज लिहिलेलं नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “हे एका बैठकीत लिहिलंय. डॉक्टरबाईंनी आकडे बनवले?”

“नाही,” काका म्हणाले. आणि मग, इतक्या वर्षांनी, ते बोलायला लागले.

६

डॉक्टरबाईंना विषमज्वर झाला होता. वरच्या खोलीत नऊ दिवस त्या तापाने फणफणत होत्या. उठून बसायचीही ताकद नव्हती. घरात दुसरं माणूस म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. ती पाराकाकांची आई. ते तेव्हा सात वर्षांचे होते.

“आईला लिहिता-वाचता येत नव्हतं,” काका म्हणाले. “बाईंनी तिला कागदावर तिसाचा आकडा काढून दिला. तो शोधायचा, आणि तिथून वर किंवा खाली किती रेघा ते मोजायचं. अर्ध्या अर्ध्या अंशाची एक रेघ. दोन रेघांच्या मधलं तिला कळत नसे. सकाळ-दुपार जायची, रेघा घोकत जिना चढायची, वर जाऊन बाईंच्या कानात सांगायची. बाई तापातही ते कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून उशीखाली ठेवायच्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी एका दुपारी सगळे वहीत चढवले.”

“मग यात चोरी कसली?” मॅडमनी विचारलं.

“बाई तिचं नाव लिहिणार होत्या. आईने हात जोडले. म्हणाली, स्वयंपाकिणीने मोजलेलं असं लिहिलंत तर लोक तुमची सगळीच वही फेकून देतील. मला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. नंतर बाई गेल्या, आईही गेली, आणि कोणीतरी दारावर ती पाटी लावली. एकही दिवस न चुकता, स्वतःच्या डोळ्यांनी. आता मी सांगितलं तर डॉक्टरबाई खोट्या ठरतात.”

“आणि नाही सांगितलंत तर ती मुलगी चोर ठरते,” सासूबाई म्हणाल्या. “मेलेल्यांची अब्रू जिवंत पोरीच्या गळ्यात बांधू नका. मी तुम्हाला ओढत नेणार नाही. पण चारला तुम्ही आला नाहीत तर ही वही घेऊन मी जाईन.”

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. काका बसूनच राहिले.

७

मोठ्या दालनात मुलं जमिनीवर बसली होती, समोर तीन खुर्च्यांवर समिती. मधल्या खुर्चीत पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दाराकडे बघत होत्या. सासूबाईंच्या पिशवीत वही नव्हती. ती त्यांनी काकांच्या टेबलावरच ठेवली होती. हा कसला जुगार, असं मॅडमना वाटत होतं. चारला एक मिनिट कमी होतं.

संचालक उठले. घसा साफ केला. “प्रकल्प ऐकण्याआधी मला एक दुःखद गोष्ट सांगायची आहे.”

शंकाने डोळे मिटले.

“वही मी घेतली होती,” दारातून आवाज आला.

पाराकाका आत आले, वही टेबलावर ठेवली आणि तिथेच उभे राहिले. “मुलीचा काही संबंध नाही. त्या नऊ दिवसांचे आकडे डॉक्टरबाईंनी वाचलेले नाहीत. ते कळू नये म्हणून घेतली.”

“मला माहीत आहे,” शंका म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. ती उठली होती. तिने फाइल उघडली. “मला वाटलंच होतं की ते दुसऱ्या कोणीतरी वाचलेत. पण खोटे नाहीत. सहाव्या दिवशी कोरड्या आणि ओल्या तापमापकातलं अंतर कमी होत जातं, सातव्या दिवशी दोन्ही जवळजवळ सारखे होतात, म्हणजे हवा ओलाव्याने भरते, आणि त्या दिवशी शहरात पाऊस पडल्याची बातमी जुन्या वर्तमानपत्रात आहे. खोलीत बसून आकडे बनवणाऱ्याला इतकं सुचत नाही. वर मी खिडकी बघायला गेले होते. तिथून पेटी दिसते, पण आकडे दिसत नाहीत. म्हणजे डॉक्टरबाई वर असतील तर खाली नक्की कोणीतरी होतं.”

“हे आधी का नाही सांगितलंस?” मॅडमनी न राहवून विचारलं.

“वही बघितल्याशिवाय कसं सांगू? नुसता अंदाज होता.”

ती टेबलापाशी गेली, हात पाठीशी धरून वहीवर वाकली. अध्यक्षबाईंनी पान उलटलं. झेरॉक्समध्ये कापली गेलेली कड समोर आली. प्रत्येक नोंदीपुढे डॉक्टरबाईंची छोटी सही होती. मागच्या पानावर, पुढच्या पानावर, ओळीने. फक्त त्या नऊ दिवसांपुढे नव्हती.

“त्यांनी खोटं लिहिलेलंच नाही,” शंका म्हणाली. “जे स्वतः बघितलं नाही त्यावर सही केली नाही. जागा मोकळी ठेवलीय.”

पाराकाका त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. ही वही त्यांनी दर वर्षी पुसली होती, आणि भीतीपायी हे पान कधी उघडलं नव्हतं. संचालकांनी खिशातला भाषणाचा कागद काढला, बघितला आणि परत आत सरकवला. पाटीचं काय करायचं, असं ते पुटपुटले, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, “पाटी बदलता येते.” मग त्यांनी शंकाकडे वळून विचारलं, “वेधशाळेच्या वसतिगृहात मुलींच्या खोलीला खिडकी लहान आहे. चालेल ना तुला?”

शंकाला ते कळायला थोडा वेळ लागला. मॅडमना लगेच कळलं, आणि त्या मुलांसमोरच रडल्या. सासूबाईंनी पिशवीतून रुमाल काढून दिला.

शंकाने फाइलचं शेवटचं पान काढलं. वर लिहिलं होतं, ‘दुसरे निरीक्षक’, आणि खाली एक आखलेली रेघ, कोरी. ती पाराकाकांसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, आणि क्षमाबिमा काही नव्हती.

“काका, तुम्ही मला तासभर चोर होऊ दिलंत.”

“हो,” काका म्हणाले.

तिने पेनाचं टोपण काढलं. “ते कोण होतं?”

“माझी आई.”

“नाव सांगा.”

काकांनी नाव सांगितलं, नुसतं, घरात हाक मारतात तसं.

“पूर्ण नाव,” शंका म्हणाली.

आईचं पूर्ण नाव आजवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी ते सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितलं, आणि तिने ते रेघेवर लिहून घेतलं.